लंडन: दोन दिवस कमी करा, हॉटेल जवळचं घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच लंडनला निघालाय, नऊ दिवसांसाठी. साठवलेल्या पैशात झोन ५ मधलं हॉटेल बसतं (लंडनमध्ये वाहतुकीसाठी झोन पाडलेत: १ म्हणजे मध्यभाग, आकडा वाढेल तसं बाहेर). झोन १ मधलं घ्यायचं तर अडीअडचणीला ठेवलेल्या पैशातून काढावं लागेल. काढावं का?

नाही. नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं, तरच त्या पैशाला हात लावायचा. सहलीची तारीख तर तुम्हीच ठरवताय, मग ती अडचण कसली?

पण झोन ५ सुद्धा मला पटत नाही. तिथून मध्यभागी यायला दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटं धरा. जाऊन-येऊन शंभर, नऊ दिवसांत पंधरा तास. त्यापेक्षा वाईट म्हणजे दुपारी पाय दुखले तरी खोलीवर परतता येत नाही. मग मुलीला बसवायला म्हणून कॅफेत शिरायचं आणि बसण्याचे पैसे मोजायचे. हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

तिकिटं अजून काढलेली नाहीत म्हणता, ते बरं झालं. नऊचे सात दिवस करा. वाचलेल्या दोन रात्रींचं भाडं आणि दोन दिवसांचं खाणंपिणं उरलेल्या रात्रींवर टाका आणि झोन २ मध्ये ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) स्टेशनजवळ चालत जाण्याइतक्या अंतरावर खोली बघा. झोन १ चा हट्ट नको. त्यात बऱ्याचदा पत्त्याचेच पैसे जातात.

बाकी लंडन वाटतं तितकं खिसा कापत नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांच्या कायमच्या संग्रहांना तिकीट नाही, त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांचा महागडा पास घेण्याआधी तुमची यादी तपासा. हीथ्रो विमानतळावरून ट्यूबची पिकॅडिली लाइन हळू जाते, पण स्वस्तात पोचवते. एलिझाबेथ लाइनची रेल्वे वेगात आणि भाड्यात मधली. हीथ्रो एक्स्प्रेस ही गाडी पंधरा मिनिटांत शहरातल्या पॅडिंग्टन स्टेशनला सोडते, पण तुम्हाला कुठली मीटिंग गाठायची आहे?

ट्यूबमध्ये मुलीला तुमच्याबरोबर तिकीट लागणार नाही. अकरा वर्षांखालच्यांना ते माफ आहे. तुम्हा दोघांना मात्र बँकेचं वेगवेगळं कॉन्टॅक्टलेस (टेकवून पैसे भरायचं) कार्ड लागेल. स्टेशनात शिरताना-बाहेर पडताना गेटवर तेच कार्ड टेकवा. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन केलंत, तर खातं एकच असलं तरी यंत्रणा ते दोन प्रवासी धरते आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू पडत नाही.

दुकानातलं मशीन विचारेल, 'पौंड की तुमचं चलन?' पौंडच दाबा. घरचं चलन निवडलंत की दर तुमची बँक नाही, समोरचा ठरवतो, आणि तो बहुधा महागच पडतो. रेस्टॉरंटात बिलावर सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का, तेही पाहा. लावला असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

आणि खरेदीवरचा व्हॅट (किमतीत धरलेला कर) विमानतळावर परत मिळेल, या हिशोबाने काही घेऊ नका. परदेशी पर्यटकांसाठी लंडनच्या दुकानांतली ती सोय २०२१ पासून बंद आहे.