आदिवासींच्या मालकीची कंपनी शेवटी नफ्यासाठीच चालते ना?

तुमचा प्रश्न असा, की आदिवासींच्या मालकीची झाली तरी कंपनी ती कंपनीच, मग तिची मूल्यं आणि उद्देश वेगळे म्हणजे नक्की काय? मी कंपनी सेक्रेटरी आहे. कुठल्याही कंपनीचं ध्येयवाक्य वाचण्याआधी मी तिच्या शेअरचे नियम बघते. अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या आदिवासी कंपन्यांचं वेगळेपण मला तिथेच सापडलं.

1968 साली अलास्कातल्या प्रुडो बे इथे तेलाचा मोठा साठा लागला. पाइपलाइन टाकायची तर जमीन कोणाची हे आधी मिटवणं भाग होतं. 18 डिसेंबर 1971 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली. मूळ रहिवाशांनी बाकी जमिनीवरचा दावा सोडायचा आणि त्या बदल्यात 4.4 कोटी एकर जमीन आणि 96.25 कोटी डॉलर घ्यायचे. पण हे जमातींच्या पारंपरिक पंचायतींच्या हाती दिलंच नाही. त्यासाठी 12 प्रादेशिक आणि दोनशेच्या आसपास गावपातळीवरच्या कंपन्या काढल्या. (तेरावी राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी होती, तिला जमीन मिळाली नाही.) पात्र माणसाला प्रादेशिक कंपनीचे 100 शेअर मिळाले.

माझ्या मते हा घाट मुळात धोक्याचा होता. शेअर विकायला बंदी होती ती फक्त 20 वर्षं. पुढे एखाद्या अडलेल्या माणसाने शेअर विकले असते आणि त्यांच्याबरोबर वाडवडिलांची जमीनही परक्यांकडे गेली असती. लोकांनी हा धोका ओळखला, मागे लागले, आणि 1988 मध्ये कायदा बदलून घेतला. आता भागधारकांनी मतदान करून ठरवल्याशिवाय बंदी उठत नाही. हा शेअर बाजारात विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही. मुलाला, नातवाला, भाचीला बक्षीस देता येतो, नाहीतर वारसाहक्काने जातो. नोकरीच्या इतक्या वर्षांत अशी भागपत्रं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

दुसरा नियम वाटणीचा. एका प्रादेशिक कंपनीला लाकडातून किंवा खनिजांतून जे उत्पन्न होईल, त्यातले 70 टक्के बाराही कंपन्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचे. म्हणजे ज्यांच्या जमिनीखाली काहीच नाही, त्यांनाही हिस्सा. यात सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. उत्पन्न कशाला म्हणायचं, कुठला खर्च वजा धरायचा, यावरून या कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. 1982 मध्ये तडजोड झाली.

या वाटणीत मोठी भर पडते ती रेड डॉग या जस्ताच्या खाणीतून. जमीन नाना या प्रादेशिक कंपनीची, खाण टेक कंपनी चालवते. नोआटाक आणि किवलिना या गावांतल्या माणसांची एक समिती शिकार-मासेमारीवर होणाऱ्या परिणामांकडे लक्ष ठेवते. कॅरिबूंचे (तिथल्या रेनडियर हरणांचे) कळप रस्ता ओलांडायला लागले की माल वाहणारे ट्रक थांबवले जातात. मूल्यं म्हणजे काय ते मला इथे दिसतं, कारण थांबलेल्या ट्रकचा खर्च नफ्यातून जातो. तरीही पाण्याच्या प्रदूषणावरून किवलिनाच्या काही रहिवाशांनी खाण चालवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलंच.

आग्नेय अलास्कातली सीलास्का ही प्रादेशिक कंपनी तर कित्येक वर्षं आपल्याच जंगलातली झाडं तोडून लाभांश देत होती. तिने 2021 मध्ये लाकूडतोड बंद करायचा निर्णय जाहीर केला. मला हा निर्णय फार उशिराचा वाटतो, पण घेतला हे महत्त्वाचं.

आणि हो, याला सहकारी साखर कारखान्यासारखं समजू नका. तिथे एका सभासदाला एक मत, इथे शेअरगणिक मत.

सगळ्यात अवघड प्रश्न 1971 नंतर जन्मलेल्यांचा. कायद्याने त्यांना स्वतःचे शेअर दिलेच नव्हते, घरातल्यांनी दिले किंवा वारशाने आले तरच. लाभांशाचे वाटेकरी वाढणार हे माहीत असूनही सीलास्काच्या भागधारकांनी 2007 मध्ये मतदान करून वंशजांना आत घेतलं. नफ्यापलीकडचा उद्देश कागदावर किती आणि खरा किती हे तपासायचं असेल, तर आधी कंपनीने अशा मतदानात काय कौल दिला ते बघा.