स्लाइड शो लावला की पडद्यावर आडवा पडतो, प्रोजेक्टर बदलावा का?

नका बदलू. दुकानदार नवा घ्या म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय, तो तेच म्हणणार. साधे प्रोजेक्टर चित्र उलटं करतात किंवा आरशासारखं फिरवतात, बस. चित्र पाव वळण घेऊन आडवं पडलं तर खोड लॅपटॉपची, आणि तोही बहुतेक मागे दुमडणारा.

नाशकात प्रोजेक्टर-साउंड भाड्याने देतो, म्हणून हा प्रश्न मला झोंबतो. मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास दिंडोरी रोडवरच्या एका हॉलमध्ये द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र होतं. सकाळी वक्त्यांचा लॅपटॉप टेबलावर ठेवून सगळं तपासलं, चोख होतं. भाषणाला उभे राहिल्यावर साहेबांनी तो पूर्ण दुमडला आणि वहीसारखा उभा हातात धरला. आतल्या सेन्सरने चित्र त्यांच्यापुरतं सरळ केलं, पडद्यावर डाऊनी रोगाचं पान आडवं. पाचशे माना एका बाजूला कलल्या. मागून एक जण ओरडला, "साहेब, अवकाळीत बाग आडवी झाली का?"

आणि सगळे बघतायत माझ्याकडे! संयोजक केबल हलवतायत, कुणीतरी स्टूल शोधतंय. मी जाऊन विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली, 'डुप्लिकेट'चं 'एक्स्टेंड' केलं. डुप्लिकेटमध्ये लॅपटॉप फिरला की पडदाही फिरतो, एक्स्टेंडमध्ये पडद्याची दिशा वेगळी राहते. स्लाइड सरळ झाली. तरी बिलातून पैसे कापलेच.

तुम्ही सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले इथे जाऊन 'रोटेशन लॉक' चालू करा. बटण फिकं दिसलं तर लॅपटॉप दुमडून बघा, मग दाबता येतं. तिथेच पडदा निवडून ओरिएंटेशन 'लँडस्केप' करा. जुन्या इंटेलवाल्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला तरी सरळ होतं. कधी कधी टेबल पुसताना कंट्रोल, ऑल्ट आणि बाजूचा बाण दाबला जाऊन घोळ झालेला असतो.

पण माझं म्हणणं, व्यासपीठावर स्वतःचा लॅपटॉप आणूच नये. पेन ड्राइव्ह द्यावा, ऑपरेटर आपल्या मशीनवर लावेल. आमचे दाजी प्राध्यापक आहेत, त्या चर्चासत्राच्या समितीतही होते. ते म्हणतात, दुसऱ्याच्या मशीनवर मराठी अक्षरांचे चौकोन होतात, शिवाय ऑपरेटरने लक्ष ठेवायला हवं. अहो दाजी, अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायला सांगितलंय कुणी? युनिकोड वापरा, सेव्हच्या ऑप्शनमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स'वर टिक करा. आणि वक्ता भाषणात लॅपटॉप दुमडणार हे सकाळी मला कसं कळावं? पैसे कापायला सही मात्र यांचीच.

हां, चित्र आडवं नसून डोक्यावर उभं असेल तर लॅपटॉपसोबत प्रोजेक्टरही तपासा. छताला टांगलेला प्रोजेक्टर खाली टेबलावर घेतला की असं होतं. त्याच्या मेन्यूत 'सीलिंग' बंद करा. एपसनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटवरचं ए/व्ही म्यूट पाचेक सेकंद दाबून धरलं तरी पलटतं. आणि बाकी स्लाइड सरळ असून एखादा फोटोच आडवा असेल तर तो पॉवरपॉइंटमध्ये फिरवून घ्या, त्यात ना माझा दोष ना प्रोजेक्टरचा.