मोकेले-म्बेंबेच्या शोधाचा पगार कोण देते?

आपण लिहिले आहे की, आपला सोळा वर्षांचा मुलगा गेली दोन वर्षे काँगोच्या दलदलीत दडलेल्या जिवंत डायनोसॉरच्या, म्हणजे मोकेले-म्बेंबेच्या कथांनी झपाटलेला आहे, त्याने तिथल्या तेले सरोवराचे नकाशे भिंतीवर लावले आहेत आणि मोठेपणी क्रिप्टोझूऑलॉजिस्ट, म्हणजे दंतकथांतील प्राण्यांचा शोध घेणारा, होणार असे तो सर्वांना ठामपणे सांगतो. हा व्यवसाय आहे का, नसल्यास मुलाला यातून बाहेर कसे काढावे आणि पुढे त्याने कोणते विषय घ्यावेत, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. हा व्यवसाय नाही. दंतकथांतील प्राण्यांचा शोध घेणाऱ्यांनी १९८२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली होती, तिचे नियतकालिकही निघत असे, परंतु १९९८ च्या सुमारास आर्थिक अडचणींमुळे ती बंद पडली. तिचे अध्यक्ष बर्नार्ड ह्यूवेलमन्स हे प्राणिशास्त्राचे डॉक्टर होते आणि त्यांचा प्रबंध आर्डवार्क या आफ्रिकेतील वाळवीखाऊ प्राण्याच्या दातांवर होता. उपाध्यक्ष रॉय मॅकल यांनी १९८० आणि १९८१ मध्ये मोकेले-म्बेंबेच्या शोधात काँगोच्या मोहिमा काढल्या, पण त्यांचा चरितार्थ शिकागो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या नोकरीवर चालत होता आणि तेथे त्यांचे काम विषाणूंवर होते. म्हणजे या क्षेत्राच्या अध्वर्यूंनाही अन्न दिले ते मुख्य प्रवाहातील विज्ञानानेच. काही मोहिमांचा खर्च पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानणाऱ्या धार्मिक मंडळींनी उचलला. जिवंत डायनोसॉर सापडला तर उत्क्रांतीचा सिद्धांत कोसळेल, अशी त्यांची आशा होती. तसे काही होणार नाही हे डायनोसॉरांच्या काळापासून टिकून राहिलेल्या सुसरी आणि कासवांकडे पाहिले तरी कळते, परंतु ज्याच्या पैशावर मोहीम निघते त्याला कोणते उत्तर हवे आहे, हे मुलाने आजच विचारायला शिकलेले बरे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत आपल्याहून वेगळे आहे. त्याला यातून बाहेर काढण्याची आवश्यकता मला वाटत नाही. त्याला या कथेत अधिक खोल जायला सांगावे, कारण खोल गेल्यावर ही कथा स्वतःच तीन-चार खऱ्या विद्याशाखांच्या दाराशी नेऊन सोडते, आणि त्यांपैकी कोणत्या दारापाशी आपला मुलगा थांबतो यावर त्याचे पुढचे शिक्षण ठरवता येईल.

कथेचा उगमच पाहा. हॅम्बुर्गचे प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात ऱ्होडेशियाच्या (आजच्या झांबिया-झिंबाब्वेच्या) अंतर्भागातील दलदलीत अर्धा हत्ती आणि अर्धा ड्रॅगन असा प्राणी असल्याचे ऐकीव वृत्त दिले आणि १९०९ मध्ये ते वृत्तपत्रांनी उचलून धरले. त्याच सुमारास अमेरिकन उद्योगपती ॲन्ड्र्यू कार्नेगी यांनी भेट दिलेल्या, डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनोसॉरच्या सांगाड्याच्या प्रतिकृती युरोपच्या संग्रहालयांत उभ्या राहत होत्या, लंडनमध्ये १९०५ साली आणि बर्लिनमध्ये १९०८ साली. लांब मानेचा अजस्र प्राणी तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे १९१३-१४ मध्ये फ्रायहेर फॉन श्टाइन या जर्मन अधिकाऱ्याच्या अहवालात मोकेले-म्बेंबे हे नाव आणि लांब, लवचीक मानेचे वर्णन नोंदले गेले. आता यातील खरी गंमत अशी की, लांब मानेच्या या सॉरोपॉड डायनोसॉरना स्वतःचे वजन जमिनीवर पेलणार नाही, म्हणून ते पाण्यात आणि दलदलीत राहत असावेत, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. १९७० च्या दशकापासून हा समज मागे पडला. त्यांच्या पायांची रचना आणि ठसे हे प्राणी भक्कम जमिनीवर चालत होते असे दाखवतात. दंतकथेतील प्राणी मात्र अजूनही पाण्यात बुडी मारून बसतो. जुन्या पाठ्यपुस्तकातील चूक ज्या प्राण्याच्या सवयींत जशीच्या तशी उतरली आहे, तो प्राणी जंगलातून आला की पुस्तकातून, हा प्रश्न मुलाला अवश्य विचारावा. त्याला हा प्रश्न रुचला आणि हाडांवरून चाल कशी ओळखतात हे तो शोधू लागला, तर त्याचा कल पुराजीवशास्त्राकडे आहे.

अर्थात तो आपल्याला सीलाकॅन्थचे उदाहरण देईल, आणि ते उदाहरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबरच नामशेष झाला असे मानलेला हा मासा डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात आलेल्या मासळीत सापडला. त्यावर दोन गोष्टी सांगता येतील. सीलाकॅन्थ शेकडो फूट खोल समुद्रातील कपारींत राहतो, जिथले जीवाश्म आपल्या हाती क्वचितच येतात. सॉरोपॉडची हाडे मात्र प्रचंड असतात आणि ती जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याची असतात. ती जगभर सापडतात, पण त्या काळानंतरच्या थरांत सापडत नाहीत. शिवाय एकटा प्राणी कोट्यवधी वर्षे टिकत नाही, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वीण करणारे कळप लागतात, आणि कळप म्हटला की मृतदेह, हाडे आणि विष्ठा आलीच. दुसरी गोष्ट मला करिअरच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. तो मासा ओळखणाऱ्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर सीलाकॅन्थच्या शोधात नव्हत्या. त्या एका लहान संग्रहालयाच्या अभिरक्षक होत्या, बोटी आल्या की मासळी तपासायला जात असत, आणि वेगळे काही दिसताच त्यांनी रेखाटन करून प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांना धाडले. अद्भुत गोष्ट त्यांच्या वाट्याला आली ती नित्याचे काम चोख करण्याच्या सवयीमुळे.

ओकापी या जिराफाच्या नातलगाचेही तसेच आहे. काँगोच्या जंगलातील लोक या प्राण्याला ओळखत होतेच. ब्रिटिश प्रशासक हॅरी जॉन्स्टन यांनी त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले आणि आधी कातड्याच्या पट्ट्या, मग कातडे व कवट्या हाती आल्यावर १९०१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. वर उल्लेखिलेल्या संस्थेने ओकापीलाच आपले बोधचिन्ह केले होते. पण ओकापीचा पुरावा काही वर्षांत मिळाला, मोकेले-म्बेंबेचा शंभरहून अधिक वर्षांत मिळालेला नाही. १९८३ मध्ये मार्सेलाँ अन्यान्या या काँगोच्या जीवशास्त्रज्ञांनी तेले सरोवरात तो प्राणी पाहिल्याचे सांगितले, मात्र पुरावा म्हणून टिकेल असे चित्रण त्यांच्याकडे नव्हते.

मुलाचे मन हाडांपेक्षा त्या दलदलीत अधिक रमत असेल, तर त्याला संवर्धन जीवशास्त्र आणि परिसंस्थाशास्त्र यांची ओळख करून द्यावी. तेले सरोवर सुमारे पाच किलोमीटर रुंद आहे, उथळ आहे, आणि २००१ पासून ते संरक्षित क्षेत्रात आहे. त्या परिसरात डायनोसॉर सापडला नाही, पण जे सापडले ते थोडे नाही. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तर भागातील जंगलांत आणि दलदलींत सव्वा लाख पश्चिमी सखल प्रदेशीय गोरिला असल्याचा अंदाज २००८ मध्ये जाहीर झाला, आणि तो काढताना संशोधकांनी गोरिलांनी रात्री झोपण्यासाठी केलेली घरटी मोजली होती. २०१७ मध्ये काँगो नदीच्या खोऱ्यातील दलदलीखाली सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर पसरलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर नकाशावर आला. त्यात सुमारे तीन हजार कोटी टन कार्बन साठलेला आहे. हे पीट खणून त्याचे वय काढतात तेव्हा ते हजारो वर्षांत भरते, कोट्यवधी वर्षांत नाही, त्यामुळे डायनोसॉरांच्या काळापासून न बदललेले जंगल ही कल्पनाही तिथेच संपते. कामाचे स्वरूप मी लपवणार नाही: घरटी आणि विष्ठा मोजत चिखलातून चालणे, हिवतापाचा धोका, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणे आणि अनेकदा मुदतीच्या करारावरची नोकरी. पुराजीवशास्त्रातही कायम जागा थोड्याच असतात, म्हणून तिथे जाणाऱ्याने भूशास्त्राची पदवी भक्कम करून घ्यावी, कारण ती अन्यत्रही उपयोगी पडते.

प्रयोगशाळा आवडणाऱ्या मुलासाठी आणखी एक वाट आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील नील गेमेल यांच्या चमूने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख नेस या, राक्षसाच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या सरोवराचे पाणी गोळा करून त्यातील डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस मिळाला नाही, ईल माशांचा डीएनए मात्र विपुल होता. सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या राक्षसाच्या निमित्ताने एका सरोवराची जैवविविधता नोंदली गेली, आणि निधी मागण्याची ही रीत मला तरी चतुर वाटते.

आणि त्याला सर्वांत जास्त ओढ सांगणाऱ्या माणसांची असेल, तर मानवशास्त्र किंवा लोकसाहित्य. मगरींचे अभ्यासक जेम्स पॉवेल यांनी १९७० च्या दशकात गॅबॉनमध्ये स्थानिकांना प्राण्यांची चित्रे दाखवून माहिती विचारली आणि त्या चित्रांत डिप्लोडोकसही होता. असे चित्र पुढे ठेवल्यावर मिळालेल्या उत्तराची किंमत किती धरायची, प्रश्नकर्त्याला काय ऐकायचे आहे हे उत्तर देणाऱ्याला किती कळलेले असते, हा त्या शास्त्रातला अत्यंत कळीचा विषय आहे. कला शाखेचा हा मार्ग आपण पत्रात विचारातही घेतलेला नाही, तो घ्यावा असे मी सुचवतो.

सध्या विज्ञान शाखेत जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवावे, कारण आज प्राणिगणनेपासून डीएनएच्या विश्लेषणापर्यंत सगळीकडे संख्याशास्त्र लागते आणि गणित सोडलेल्या मुलांना ते नंतर जड जाते. येत्या सुट्टीत त्याला एखाद्या संग्रहालयात किंवा पक्षिगणनेत काम करू द्यावे. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत, हे त्याला ठाऊक असेलच. पहाटे उठून तासन्‌तास नोंदी करणे त्याला आवडते की कंटाळवाणे वाटते, हे त्या आठवड्यातच कळेल, आणि माझ्या मते कोणत्याही कलचाचणीपेक्षा ते अधिक विश्वसनीय ठरेल. पत्राच्या ताज्या कलमात आपण त्याच्या फ्रेंचच्या शिकवणीबद्दल तक्रार केली आहे. ती बंद करू नये. काँगो प्रजासत्ताकाची राजभाषा फ्रेंच आहे, तिथे काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ती लागते, आणि गणिताच्या अभ्यासाला वेळ पुरत असेल तोवर ती चालू ठेवायला माझी पूर्ण संमती आहे.