मोठ्या, म्हाताऱ्या कुत्र्याला कुठे दुखतंय तेच सापडत नसेल तर काय करावं?

तुमचा कुत्रा साडेनऊ वर्षांचा आणि चाळीस किलोचा आहे. दोन महिन्यांपासून त्याला उठायला वेळ लागतो, जिना चढायला तो तयार होत नाही आणि रात्री मधूनच कण्हतो. कधी कुणावर न गुरगुरणारा कुत्रा, पण कंबरेला हात लावल्यावर एकदा गुरगुरला. रक्ततपासणी ठीक आली, खुब्याच्या एक्स-रेत ‘वयानुसार थोडी झीज’ दिसली आणि डॉक्टर म्हणाले, वय झालंय त्याचं. आता करायचं काय आणि त्याला असंच ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नावर मी शेवटी येते. वय झालंय हे तर खरंच आहे. मोठ्या जातींची कुत्री सात-आठ वर्षांतच म्हातारी व्हायला लागतात. पण रात्री कण्हायला लावतं ते वय नव्हे. एखादा सांधा, मणका, नस, हाड, काहीतरी एक ठिकाण दुखत असतं आणि ते बऱ्याचदा शोधता येतं. आमच्या बंड्याच्या वेळी मला हे कळायला चार महिने लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बंड्या लॅब्रॅडॉर होता. दहाव्या वर्षी तुमच्या कुत्र्यासारखंच सगळं सुरू झालं. एक्स-रेत दोन्ही खुबे झिजलेले दिसले आणि आम्ही खुब्यांच्या मागे लागलो. गोळ्या दिल्या, सांध्यांची पावडर दिली, तरी फरक शून्य. एक्स-रे खोटा नव्हता, खुबे झिजलेच होते. पण दुखत होतं दुसरीकडे. एक्स-रेत हाडं दिसतात; मणक्यांमधली चकती, नस, मज्जारज्जू दिसत नाहीत. शिवाय फिल्मवरची झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. वाईट फिल्म असलेली कुत्री आरामात पळताना दिसतात आणि जवळजवळ स्वच्छ फिल्मवाल्याला उठता येत नाही.

मी घरी आले की बंड्याचं मागचं अख्खं अंग शेपटीबरोबर हलायचं. त्या महिन्यांत नुसतं टोक हलत होतं. ते मी रोज बघत होते आणि वयाच्या खात्यावर टाकत होते. मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला उभं करून मानेपासून खाली एकेक मणका अंगठ्याने दाबत नेला. कंबर संपून शेपटी सुरू होते त्याच्या जरा अलीकडे अंगठा आला तेव्हा तो ओरडला नाही, पण त्याची धाप एकदम थांबली. ओठांवरून जीभ फिरवली आणि मान वळवून त्याने डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी शेपटी हळूच वर उचलली, तसा तो खालीच बसला. पुढे एमआरआयमध्ये दिसलं की कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची चकती नसांवर दाब देत होती. मोठ्या कुत्र्यांत हे काही दुर्मिळ नाही. कंबरेला हात लावल्यावर तुमचा कुत्रा गुरगुरला हे वाचून मला तेच आठवलं. त्याचंही हेच असेल असं मी म्हणत नाही, पण पाठीचा कणा नीट दाबून तपासलाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

त्याआधी घरच्या घरी एक गोष्ट बघा. त्याला दुखतंय म्हणून चालता येत नाही की पायात ताकदच उरली नाही? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. मागच्या पायांची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासली गेली आहेत का? चालताना फरशीवर खर्र असा आवाज येतो का? तो उभा असताना पोटाखाली आधार देऊन मागचा एक पंजा हलकेच उलटा करून टेकवा, पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. दोन-तीन सेकंद तसाच राहिला तर मेंदूला पायाचा निरोप नीट पोचत नाहीये, म्हणजे डॉक्टरांनी सांध्यापेक्षा नस आणि मज्जारज्जूकडे बघायला हवं. पाय ओढले जातात पण दाबल्यावर कुठेच दुखत नाही, असं असेल तर डिजनरेटिव्ह मायलोपथी नावाचा मज्जारज्जूचा आजार असू शकतो. तो जर्मन शेफर्ड आणि बॉक्सरमध्ये बराच दिसतो, साधारण आठ वर्षांनंतर सुरू होतो आणि मुळात दुखरा नसतो. तुमचा कुत्रा कण्हतोय, म्हणजे नुसता हा आजार नसावा. पण म्हातारपणी दोन आजार एकत्र असू शकतात.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय त्यावरून फक्त खुब्यांचाच एक्स-रे झालाय. मोठ्या कुत्र्यांत गुडघ्याचं लिगामेंट पुष्कळदा एकदम न तुटता महिनोन्महिने विरत जातं. असा कुत्रा बसताना तो पाय दुमडून अंगाखाली न घेता बाजूला काढून बसतो आणि उभं राहिल्यावर फक्त बोटं टेकवतो. हाडाचा कॅन्सरही मोठ्या जातींतच जास्त होतो. एकाच पायाचं लंगडणं आठवड्यागणिक वाढतं, मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास कडक सूज येते. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. पण चारही पाय वरपासून खालपर्यंत चाचपून बघा आणि एक्स-रे काढायचाच तर दुखऱ्या जागेचा काढा. आज एक पाय, परवा दुसरा, असं लंगडणं फिरत असेल आणि मधूनच ताप येत असेल तर गोचिडांमुळे होणारे आजार आणि सांध्यांना सूज आणणारे रोगप्रतिकारशक्तीचे आजार बघावे लागतात. त्यात साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. खाली वाकून भांड्यातलं खायला नको म्हणत असेल तर मान बघा. पाठ कमानीसारखी वर काढून उभा राहत असेल तर पोटही बघायला हवं, आणि नर असेल तर प्रोस्टेट.

डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात कुत्रा घाबरलेला असतो आणि त्या भरात दुखणं दडवतो. घरी लंगडणारा तिथे ताठ चालतो. सपाट जमिनीवर तुमच्याकडे येताना, दूर जाताना आणि बाजूने, असं चालणं टिपा. झोपेतून उठताना आणि बसताना टिपा, जमलं तर स्लो मोशनमध्ये. सोबत एक साधी वही ठेवा. मी रोज तीनच गोष्टी लिहायचे: सकाळी उठायला किती सेकंद लागले, रात्री किती वेळा जागा बदलली आणि आवडीची कुठली गोष्ट आज केली नाही. कुत्रं दुखलं की ओरडेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते गप्प होतं, विनाकारण धापा टाकतं, एकाच जागेवर चाटत बसतं, रात्री या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात राहतं.

मला सगळ्यात जास्त आग्रहाने सांगायचंय ते हे, की निदान होईपर्यंत दुखणं तसंच ठेवू नका. दोन आठवडे पेनकिलर देऊन बघता येईल का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. औषध सुरू झाल्यावर तो पुन्हा जिन्याकडे जायला लागला, रात्री सलग झोपला, तर दुखत होतं हे सिद्धच झालं, आणि शोध चालू असताना त्याला आरामही मिळाला. यासाठी सहसा कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारखं कुत्र्यांसाठीचं औषध देतात. आधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी हवी, ती तुमची झालेलीच आहे. हे औषध आणि स्टेरॉइड एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे आधी कुठलंही इंजेक्शन दिलं गेलं असेल तर ते कशाचं होतं ते विचारून घ्या. उलटी झाली, शी काळी झाली किंवा खाणं बंद झालं तर औषध थांबवून लगेच फोन करा.

आपल्या औषधांच्या डब्यातलं मात्र काहीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको. नसेचं दुखणं असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन देतात. बंड्याला आराम पडला तो त्यानेच. सुरुवातीला कुत्रा सुस्तावतो, थोडा झोकांड्या खातो. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये कधीकधी झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा बाटलीवरची यादी वाचा. औषध अचानक बंदही करू नका. महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनव्हेटमॅबचं इंजेक्शन सध्या बऱ्याच जणांना सुचवलं जातं. सांध्यांच्या झिजेत त्याने अनेक कुत्र्यांना फायदा होतो. पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये पशुवैद्यांना त्याच्या दुष्परिणामांबद्दल पत्र पाठवलं आणि त्यात तोल जाणं, फिट येणं यांचाही उल्लेख होता. त्यामुळे तुमच्यासारख्या केसमध्ये, जिथे नसेचा संशय अजून फिटलेला नाही, तिथे मी तरी ते आत्ता घेणार नाही.

घरात पहिला बदल फरशीचा करा, तो आजच होण्यासारखा आहे. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, कुत्रा सावरायला अंग आखडतो आणि दुखणं वाढतं. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी न सरकणारी मॅटची वाट करा. एका मॅटपासून दुसऱ्या मॅटपर्यंत मध्ये फरशी लागू देऊ नका, तेवढ्यातही तो थबकतो. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा, नखं छोटी ठेवा. बंड्यासाठी मी अंघोळीचा मोठा टॉवेल लांब घडी करून त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या लगेच पुढून घ्यायचे आणि दोन्ही टोकं वर धरायचे. त्याला उचलायचं नसतं, उठताना वजनातला थोडा भार फक्त आपल्याकडे घ्यायचा. नर असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर दाबला जात नाही ना, ते बघा. पहिल्या दिवशी त्याने मागे वळून टॉवेल हुंगला. चौथ्या दिवशी मी टॉवेल आणेपर्यंत तो उठायला थांबला होता. पुढे आम्ही मागे पकडायची मूठ असलेला पट्टा घेतला, पण सुरुवातीला टॉवेल पुरतो.

गादी जाड हवी, इतकी की हाताने दाबल्यावर जमीन लागू नये, नाहीतर कोपरांवर घट्टे आणि जखमा होतात. एका लांब फेरीऐवजी दिवसातून चार-पाच छोट्या फेऱ्या करा. पूर्ण विश्रांतीने मांड्यांचे स्नायू झपाट्याने उतरतात आणि या वयात ते परत येणं अवघड असतं.

आणि वजन. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉरवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; ज्यांना जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांच्यात सांध्यांची झीजही उशिरा आली. बोटांनी सहज चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर खाणं मोजून द्या. सांध्यांच्या पावडरींपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

काही गोष्टींत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. मागचे पाय अचानक पूर्ण लुळे पडले, लघवी अडली, किंवा पोट फुगलंय आणि तो नुसते कोरडे उमाळे काढतोय, तर तशीच रात्री गाडी काढा. शेवटचं लक्षण बहुतेक वेळा पोट पिळवटल्याचं असतं आणि त्यात तास-दोन तासही महागात पडतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये अशा कुत्र्यांसाठी एक मोजपट्टी केली. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर सांभाळ करत राहणं योग्य, असं त्या म्हणतात. आम्ही दर रविवारी घरातल्या तिघांनी वेगवेगळे गुण लिहायचे असं ठरवलं होतं, कारण माझे नेहमी जास्त यायचे. बंड्याचं दुखणं सापडल्यावर तो आणखी चौदा महिने जगला, त्यातले बारा छान होते. शेवटच्या दोन रविवारी माझ्याही कागदावर पस्तीसच्या खालचा आकडा होता. मग आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तुम्ही अजून त्या टप्प्यावर आलेला नाहीत. ज्याच्या दुखण्यावर एकदाही नीट औषध देऊन बघितलेलं नाही, त्याला किती सोसवतंय हे आत्ता ठरवता येणार नाही. आज रात्री तो किती वेळा जागा बदलतो ते मोजा, उद्या उजेडात मागची नखं बघा आणि पंजा उलटा करून बघा. काय दिसलं ते इथेच खाली लिहा, मी वाचते.