मोठ्या पंख्याआधी डक्टचे सांधे बघ

प्रिय मित्रा,

खोल खाणीच्या वायुवीजन विभागात रुजू होतो आहेस, तर आधी व्हर्लिंग हायग्रोमीटर (हाताने गरगर फिरवायचं, कोरडा आणि ओला असे दोन तापमापक असलेलं उपकरण) नीट वापरायला शीक. तिथे घाम वाळेल की नाही हे वेट बल्बचा, म्हणजे ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडाच सांगतो. वात स्वच्छ ठेव, डिस्टिल्ड पाणी घाल, अर्धा मिनिट फिरव आणि ओला आकडा आधी वाच. फिरवणं थांबलं की तो चढू लागतो. दक्षिण आफ्रिकेत वेट बल्ब २७.५ अंशांपासून उष्माताणाची खबरदारी सुरू होते, ३२.५ च्या वर नेहमीचं काम चालू ठेवत नाहीत.

खडक तापलेला असतो हे खरं, पण शाफ्टमधून, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीतून, उतरणारी हवा स्वतःच्या दाबानेही तापते. दर किलोमीटरला प्रत्येक किलो हवेत ९.८ किलोज्यूल भर पडते, वेट बल्ब साधारण ४ अंशांनी चढतो. म्हणजे जमिनीवर ८ अंशांपर्यंत थंड केलेली हवा ४ किलोमीटर खाली पोचेपर्यंतच २४ वर जाते. म्हणून एवढ्या खोलीवर कामाच्या जागेजवळ पुन्हा गारवा द्यावा लागतो.

त्या गारव्यासाठी वरून थंड पाणी सोडलं तर तेही तापतं: किलोमीटरला २.३ अंश. वाटेत पेल्टन टर्बाइन (पाण्याच्या झोताने फिरणारं चाक) बसवलं तर ही ऊर्जा बरीचशी परत मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंगसारख्या खोल सोन्याच्या खाणीत बर्फ-पाण्याचं मिश्रण खाली पाठवतात. वितळतानाच एक किलो बर्फ ३३४ किलोज्यूल शोषतो. तेवढ्याच गारव्यासाठी पाणी कितीतरी कमी लागतं, आणि खाली गेलेला प्रत्येक लिटर पंपाने वर आणायचा असतो हे विसरू नकोस. पाइप बर्फाने तुंबणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते.

पण यंत्रसामग्री मागण्याआधी गळती मोज. पंख्यापाशी आणि डक्टच्या (हवा नेणाऱ्या नळीच्या) टोकाशी, दोन्हीकडे हवेचा वेग गुणिले छेदाचं क्षेत्रफळ काढ. जो फरक येईल ती हवा फाटक्या डक्टमधून आणि सैल सांध्यांतून वाटेतच निसटते आहे. ती भरून काढायला हवा २० टक्क्यांनी वाढवलीस, तर त्याच डक्टवर पंख्याची वीज सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते; शिवाय ती वीज उष्णता होऊन खाणीतच उतरते. डक्टचं टोक फेसपासून, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या भिंतीपासून, लांब राहिलं तर तेही व्यर्थ. बोगद्याचा छेद १६ चौरस मीटर असेल तर २० मीटरच्या आत ठेव, आणि प्रत्येक सुरुंगानंतर डक्ट पुढे जोडला की नाही ते स्वतः जाऊन बघ.