जुन्या डेस्कटॉपवर आणखी पैसा घालावा का?

वाचकाचा प्रश्न: माझ्याकडे २०१४ सालचा डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. हल्ली दहा-पंधरा मिनिटं चालून तो आपोआप बंद पडतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल. त्याने सांगितलेला खर्च नव्या मशीनच्या साधारण ४० टक्के होतो. गेल्याच वर्षी रॅम वाढवली, त्यामुळे मशीन टाकून द्यायचं जिवावर येतं. उपयोग म्हणजे घरचे हिशेब, पत्रव्यवहार आणि मुलीचा अभ्यास. दुरुस्त करू, की बिनव्याजी हप्त्यांवर नवा घेऊ?

उत्तर: रॅमचे पैसे खर्च झाले. दुरुस्ती केली म्हणून ते परत येणार नाहीत. शिवाय तुमची रॅम डीडीआर-३ या जुन्या प्रकारची आहे, नव्या बोर्डांच्या खाचेत ती बसणारच नाही. हा खर्च हिशेबातून काढून टाका.

आता बोर्डाचं. थोडा वेळ चालून बंद पडणाऱ्या मशीनमध्ये माझा पहिला संशय बोर्डावर जात नाही, तो उष्णतेवर आणि एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो. वायर काढा, बाजूचं झाकण उघडा आणि प्रोसेसरवरचा पंखा बघा. त्याच्या खालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर हमखास सापडतो. तो साफ करा, पंखा फिरतो का पाहा, प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, ती पुसून नवी लावा. मग मशीन सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान बघत बसा. ते १०० अंशांकडे चढत गेलं, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो आहे. तिथेच १२ व्होल्टच्या ओळीत ११.४ ते १२.६ च्या बाहेरचा आकडा दिसला तर एसएमपीएसवर संशय घ्या. आकडा ठीक दिसला म्हणून मात्र तो सुटला असं नाही; भार आल्यावर मान टाकणारे एसएमपीएस असतात. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासभर लावून पाहणं सगळ्यात खात्रीचं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

या सगळ्याच्या आधी हार्ड डिस्कवरचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क मूळचीच असेल तर तिचंही वय झालं आहे, आणि मशीन असं अवेळी बंद पडणं तिला मानवत नाही.

दोष पेस्टचा किंवा एसएमपीएसचा निघाला तर बिनधास्त दुरुस्त करा. समजा त्याला नव्या मशीनच्या ८ टक्के लागले आणि मशीन आणखी दोन वर्षं चाललं, तर वर्षाला ४ टक्के पडले. बोर्डावर ४० टक्के घालून तेवढीच दोन वर्षं मिळाली, तर वर्षाला २० पडतात. नवं मशीन सात-आठ वर्षं वापरलं तर वर्षाला १३-१४ टक्क्यांत बसतं. म्हणजे ‘स्वस्तातली’ दुरुस्तीच महाग ठरते. दोनच वर्षं का धरली? कारण त्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आज बहुधा वापरलेलाच मिळेल, आणि मिळाली तर हमी फक्त बोर्डाची असेल. शिवाय विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. मशीन वाचलं तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येईल. पत्रव्यवहाराला आणि अभ्यासाला ते पुरतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालणारं असेल तर तिथे अडेल, हे आधी तपासा.

दुरुस्तीवर पैसा घालताना मी एक बघतो: ही वस्तू पुढच्या मशीनमध्ये येईल का? साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, सहसा येते. एटीएक्स या नेहमीच्या प्रमाण मापाचा एसएमपीएसही येतो. काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये जोडण्या वेगळ्या असतात, तेवढं बघून घ्या. बोर्ड आणि डीडीआर-३ रॅम जुन्या डब्यातच राहतात. एसएसडी तर मी बोर्ड शाबूत असल्याची खात्री होताच घ्यायला सांगेन, इतका वेग तिने बदलतो.

खरंच बोर्डच गेला असेल, तर नव्याच्या जोडीला नूतनीकरण केलेलं, हमी असलेलं ऑफिसचं मशीनही विचारात घ्या. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या, म्हणजे विंडोज ११ चा प्रश्न येणार नाही.

हप्त्यांचं म्हणाल तर दुकानदाराला एकच विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? तो जे कमी करेल, त्यात प्रक्रिया शुल्क मिळवा. ते तुमचं व्याज. हा आकडा आणि बचतीवर तेवढ्या महिन्यांत मिळणारं व्याज शेजारी मांडा. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशाला हात न लावता रोख जमत असेल तर रोखच द्या. जमत नसेल आणि फरक किरकोळ असेल, तर कमीत कमी महिन्यांचे हप्ते घ्या. आणि साफसफाईवरच भागलं, तर नव्या मशीनच्या किमतीला २४ ने भागून तेवढी रक्कम या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका.