अलेक्झांडर बेल्यायेव यांना 'रशियाचा ज्यूल्स व्हर्न' का म्हणतात? त्यांचं कोणतं पुस्तक आधी वाचावं?

साहसकथेत विज्ञान घालून त्याने रशियातल्या पोरांना वेड लावलं, म्हणून म्हणतात. मला हे बिरुद अजिबात पटत नाही. व्हर्न आपल्याकडे भा. रा. भागवतांमुळे घरचाच झालाय, त्यामुळे फरक चटकन कळेल. व्हर्नचा जीव यंत्रांत रमतो, बेल्यायेवचा माणसाच्या देहात. हा माणूस मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळला होता, त्यातली साडेतीन वर्षं प्लास्टरमध्ये. कमरेखालचं शरीर लुळं पडलेलं.

मला नववीत हाच आजार झाला. काळ बदलला होता, औषधं होती, मी बरा झालो. पण छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून पडून राहणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पाठीला खाज सुटते आणि तिथे हात पोचत नाही. आलेगेले लोक आपल्याशी न बोलता आईशी बोलतात, "जेवतो का नीट?" असं आपल्यासमोरच विचारतात. वडिलांनी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून स्वस्तात इंग्रजी पुस्तकं आणली होती, त्यात बेल्यायेवची 'ॲम्फिबियन मॅन' होती. डिक्शनरी छातीवर ठेवून वाचली. आमचे थोरले काका दर रविवारी यायचे. पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "उठता येत नाही म्हणून माशाच्या गोष्टी. ही पळवाट आहे, अभ्यासाचं वाच." वडील गप्प बसले. मीही.

काकांना तेव्हा द्यायचं उत्तर आता इथे देतो. पळवाट काढणारा लेखक आपल्या नायकाला सुखी करतो. 'ॲम्फिबियन मॅन'च्या नायकाला, इक्थिअँडरला, डॉक्टर साल्वाटोर शार्कचे कल्ले बसवतो, समुद्र त्याचा होतो. पण ज्या मुलीवर जीव जडतो ती जमिनीवर राहते, आणि शेवटी त्याला जमीन जवळजवळ कायमची सोडावी लागते. 'प्रोफेसर डॉवेलचं डोकं' तर याहून कठोर. धडावेगळं जिवंत ठेवलेलं डोकं, आणि त्याच्या बुद्धीवर दुसराच शास्त्रज्ञ नाव कमावतोय. एक भुंगा उडत येऊन तोंडावर बसतो आणि डॉवेलला तो हाकलता येत नाही. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. ही कादंबरी बरीचशी आत्मचरित्रात्मक आहे, असं बेल्यायेवने स्वतः लिहून ठेवलंय: हात होते, पण त्या काळात आयुष्य बिनधडाच्या डोक्याचंच होतं. १९२५ साली तो हे कथा म्हणून लिहितो आणि १९३७ मध्ये त्याचीच कादंबरी करतो. बारा वर्षं एकच दुखणं उकरत बसणाऱ्याला पळपुटा कसं म्हणायचं?

वाचायचं कुठून? 'डॉवेल' आधी, मग 'ॲम्फिबियन मॅन' (१९२८). अंतराळाची आवड असेल तर 'केईत्स तारा' (१९३६) घ्या. त्यातलं 'केईत्स' म्हणजे अंतराळप्रवासाचा सिद्धान्त मांडणाऱ्या रशियन शास्त्रज्ञाची, कॉन्स्टान्टिन एदुआर्दोविच त्सिओलकोव्हस्कीची, आद्याक्षरं. पण सुरुवात त्याने करू नका, त्यात माहिती फार आणि माणसं कमी आहेत. शेवटी 'एरियल' (१९४१). उडता येणारा तो मुलगा मद्रासजवळच्या एका शाळेत वाढतो, आणि त्याला माया लावते ती एक बालविधवा. हा हिंदुस्थान पुस्तकांतून गोळा केलेला आहे, हे जाणवतं. तरी उडणाऱ्या माणसाचा प्रत्येकजण कसा वापर करून घेऊ पाहतो, ते त्याने अचूक लिहिलंय.

एक सांगायला हवं: त्याचे खलनायक बहुतेक एकाच साच्यातले लोभी आहेत आणि बायकांच्या व्यक्तिरेखा पातळ आहेत. सोव्हिएत काळातल्या संपादकांचा धाक त्यामागे किती, हा वेगळा विषय.

आणि काका, शेवटचं. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा लेनिनग्राडजवळच्या पुश्किन गावात शिरल्या, तेव्हा बेल्यायेव तिथेच होता. शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, म्हणून गाव सोडता आलं नाही. १९४२ च्या जानेवारीत तो उपासमारीने गेला. बायको आणि मुलीला जर्मनांनी नेलं, आणि युद्धानंतर त्या परतल्या तर त्यांच्याच सरकारने त्यांना हद्दपार केलं. तुम्ही म्हणता ती वाट या माणसाला आयुष्यात एकदाही मिळाली नाही.